आधी पाणी, मग जाळ : अंगणातला घरगुती बंब



मी निफाड तालुक्यातली. आमच्याकडची थंडी तुम्हाला पेपरातून माहीत असेल. डिसेंबर-जानेवारीत काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या शेकोट्यांचे फोटो पेपरात येतात. त्याच वेळी घरामागे चुलवणापुढं बसून आठ माणसांच्या आंघोळीचं पाणी तापवणारी बाई मात्र कुणाला दिसत नाही. आज मला तिच्या कामाविषयी बोलायचंय, म्हणजे बंबाविषयी.

घरोघरी गॅस आला, चांगलंच झालं. पण गॅसवर भाजी-भाकरी होते, आंघोळीचं पाणी परवडत नाही. रोज १०० लिटर पाणी कडक तापवायचं म्हटलं तर १४.२ किलोची टाकी तीन आठवड्यांत नुसत्या आंघोळीवर संपेल. म्हणून पाणी अजून लाकडावरच आहे. तीन दगड, वर हंडा, खाली जाळ. तो जाळ हंड्याला कमी आणि अंगणाला जास्त लागतो. डोळ्यांतून पाणी, पदराला धुराचा वास, आणि मोळ्या आणून आणून मान दुखते ती वेगळीच.

बंबाची युक्ती साधी आहे. हंड्यात पाणी मध्ये असतं आणि जाळ भोवती. बंबात उलटं. जाळ आणि धूर मधल्या नळ्यातून वर जातात आणि पाणी त्या नळ्याभोवती असतं. धूर बाहेर पडायच्या आत त्याची ऊब पाणी काढून घेतं. आपल्या आजेसासूबाईंच्या काळचा तांब्याचा बंब असाच होता. थंड मुलखात हीच युक्ती मोठी करून घरं गरम ठेवतात. काश्मीरच्या हमामात दगडी फरशीखाली जाळ घालतात, वरची खोली गरम होते आणि तिथंच बसवलेल्या तांब्याच्या भांड्यात पाणीही तापतं. अमेरिकेत खेड्यांतले लोक घरापासून लांब, अंगणात मोठी लाकडाची भट्टी बसवतात. तिच्याभोवती पाणी असतं आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घरात फिरवतात. आपल्याला घर तापवायची गरज नाही. आपल्याला सकाळची दहा बादल्या आंघोळ निघाली की झालं.

आता हिशेब सांगते, कारण बचत गटात हिशेबाशिवाय काही पटत नाही. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला, सगळी ऊब पाण्यालाच मिळाली तर, वाळलेलं लाकूड एक-सव्वा किलो पुरेल. पण तीन दगडांच्या चुलीवर दहा वाट्यांतला एखाद-दीड वाटाच भांड्यापर्यंत पोचतो. म्हणजे ८-१० किलो लाकूड जळतं. आमच्या आताच्या बंबाला किती लागतं ते मी कांद्याच्या तराजूवर आठवडाभर मोजलं. रोज साडेतीन किलोच्या आसपास. दिवसाला साडेचार-पाच किलो वाचलं. थंडीच्या चार महिन्यांत साडेपाचशे-सहाशे किलो. वीस किलोची मोळी धरा. डोक्यावरच्या पंचवीस-तीस मोळ्या कमी झाल्या. हे ६० अंशांचं १०० लिटर पाणी तेवढ्याच गार पाण्यात मिसळलं की आंघोळीजोगं २०० लिटर होतं. वीस लिटरच्या दहा बादल्या.

पण मैत्रिणींनो, माझं आजचं बोलणं लाकडाच्या बचतीसाठी नाही. बंब स्वस्तात करून घेण्याच्या नादात काय होतं, ते मला सांगायचंय. हे मी आमच्या जाऊबाईंना विचारून सांगतेय. त्याच म्हणाल्या, सांग, नाव नको घेऊ, पण सांग.

सहा वर्षांपूर्वी दिरांनी एका वर्कशॉपातून ड्रमचा बंब करून आणला. मधून नळा, वर झाकण पक्कं वेल्डिंग केलेलं, खाली पितळी चावी. पाणी भरायला बाजूने पाइप, त्यालाही चावी. आणि वाफ जायला झाकणावर पाऊण इंची एक नळी. एवढंच. चांगला चालायचा. आमच्या अंगणात कडुनिंब आहे. पानगळ सुरू झाली की त्या नळीतून काड्या-पानं आत पडायची आणि आंघोळीच्या बादलीत कुजलेलं पान यायचं. सासूबाईंची रोज तक्रार. एका संध्याकाळी मी दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेतलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि नळीत गच्च ठोकून बसवलं. मनात होतं की सकाळी बंब पेटवायच्या आत काढू.

सकाळी पाळी जाऊबाईंची होती. त्यांना बोळ्याचं माहीत नव्हतं. मी बागेत मजुरांबरोबर गेलेली. त्यांनी पाणी भरलं, भरायची चावी बंद केली, जाळ घातला. तासाभराने बादली लावून खालची चावी उघडली, तर पाणी धारेनं आलंच नाही, फवाऱ्यानं आलं. बादली उलटली. डाव्या पायावर, नडगीवर आणि हातावर उकळतं पाणी आणि वाफ. त्या ओरडून मागे पडल्या म्हणून तोंड वाचलं. कणसाचा बोळा उडून गोठ्याच्या पत्र्यावर सापडला. तो उडाला हे आमचं नशीब. मी अजून जोरात ठोकला असता तर ड्रमच फाटला असता.

असं का झालं, ते नीट समजून घ्या. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत सोळाशे लिटरच्या आसपास जागा मागते. वाट असली तर ती गुपचूप निघून जाते. वाट नसली तर आत दाब चढतो. आणि दाबाखाली पाणी १०० अंशांवर उकळत नाही, त्याहून गरम होत जातं. मग चावी उघडली की तेच पाणी बाहेर पडता पडता फुटून वाफ होतं. बाहेरून ड्रम रोजच्यासारखाच दिसतो. आवाज नाही, काही नाही. कारखान्यात दाबाची वाफ करणारे बॉयलर असतात, त्यांना सरकारी निरीक्षकाची तपासणी लागते, परवाना लागतो. आपल्या अंगणात आपण न कळत तोच बॉयलर करून बसतो, तपासणीशिवाय.

त्या दिवशी आम्ही दुसरी चूक केली. शेजारच्या काकूंनी भाजलेल्या पायावर टूथपेस्ट फासली, कुणी हळद आणली. दवाखान्यात ते सगळं खरवडून काढावं लागलं, तेव्हा जाऊबाईंना भाजण्यापेक्षा जास्त त्रास झाला. भाजलं तर लगेच साधं गार पाणी, नळाचं, हळू धारेनं, चांगलं वीस मिनिटं. बर्फ नको. बांगड्या, जोडवी, पैंजण सूज यायच्या आत काढायचे. ओला झालेला कपडा कातडीला चिकटला नसेल तर दूर करायचा. मग स्वच्छ सुती कापड सैल टाकून दवाखाना गाठायचा.

बोळा मी घातला होता, हे मी घरात सांगितलं नाही. सगळे वर्कशॉपवाल्याला बोलत होते आणि मी गप्प. पुढच्या पोळ्याला जाऊबाई नि मी पुरण वाटत बसलो होतो, तेव्हा सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू घातलास, पण घालता येईल अशी नळी ठेवलीच कशाला त्यानं?"

मला तेव्हापासून बंबाकडं बघायची नजर आली. पहाटे चार वाजता उठलेली बाई कितीही हुशार असली तरी अर्धी झोपेत असते. पाळी बदलते, पाहुणी आलेली असते, पोरगी पहिल्यांदाच पेटवत असते. "लक्षात ठेवा" म्हणून भागत नाही. बंबच असा हवा की तो बंद करायचा म्हटलं तरी बंद होणार नाही, आणि रिकामा करायचा म्हटलं तरी जाळ चालू असताना रिकामा होणार नाही.

आणि असा बंब आमच्या माळ्यावर धूळ खात पडला होता! आजेसासूबाईंचा तांब्याचा. त्याला चावीच नव्हती. वर नरसाळं. नरसाळ्याची नळी आत थेट तळापर्यंत गेलेली. वरच्या बाजूला तोटी, खाली वाकवलेली, कायम उघडी. नरसाळ्यात बादलीभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं, आणि वरचं बादलीभर गरम पाणी तोटीतून बाहेर येतं. घातल्याशिवाय मिळत नाही. म्हणून बंब कधी रिकामा होत नाही, म्हणून नळा कधी कोरडा तापत नाही. नि दोन वाटा कायम उघड्या असल्यामुळे दाबही चढत नाही. आपण म्हाताऱ्या बायांच्या वस्तूंना अडगळ म्हणतो.

आम्ही नवा बंब त्याच पद्धतीनं लोखंडी पत्र्याचा करून घेतला. तुम्हाला करायचा असेल तर मापं सांगते, लिहून घ्या.

बाहेरचा पिंप १८ इंच रुंद, ३० इंच उंच. मधला नळा ६ इंची. यात ११० लिटरच्या आसपास पाणी बसतं. पत्रा ३ मिलिमीटरचा घ्या. नळ्याला तर त्याहून पातळ नकोच, तिथंच जाळ लागतो आणि तिथंच गंज धरतो. वर्कशॉपवाला पत्र्याचे पैसे किलोवर लावतो, म्हणून वजन आपल्याला माहीत हवं. ३ मिलिमीटर लोखंडी पत्रा एका चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. या मापाच्या बंबाला पत्रा चाळीस किलोच्या आसपास लागतो. कुणी साठ किलोचं बिल लावलं तर वजनकाट्यावर ठेवा म्हणायचं. लाजायचं नाही.

नरसाळ्याची नळी दोन इंची, तळापासून चार बोटं वर थांबलेली. नरसाळं तोटीपेक्षा वीतभर तरी उंच हवं, नाहीतर पाणी ओतताना इथूनच सांडेल. तोटी दीड इंची, वरच्या पत्र्याखाली दोन बोटं. तिला चावी लावायची नाही. वेल्डर म्हणेल, "ताई, चावी लावून देतो, बरं दिसतं." नाही म्हणायचं. वरच्या पत्र्यावर वाफेसाठी आणखी एक एक इंची नळी ठेवा, छत्रीच्या मुठीसारखी खाली वाकवलेली, तोंडाला बारीक जाळी वेल्ड केलेली. पान आत पडणार नाही, म्हणजे कुणाला बोळा घालायची बुद्धी होणार नाही. तिचं तोंड माणसं उभी राहतात त्या बाजूला नको. तळाशी साफसफाईसाठी बूच, पण पान्याशिवाय उघडणार नाही असं.

काही घरी छतावरच्या टाकीतून नळ थेट बंबाला जोडतात. ते करता येतं, पण मग वाफेची नळी टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर न्यावी लागते, नाहीतर तिच्यातून सारखं पाणी वाहत राहतं. ते वाहणं थांबवायला मग कुणीतरी तिथं चावी बसवतं. आणि आपण परत कणसाच्या बोळ्यावर येतो. म्हणून माझं मत विचाराल तर बादलीनं ओतायचा बंबच बरा.

जुन्या ड्रमबद्दल एक सांगते. २०० लिटरचा जुना ड्रम स्वस्त मिळतो म्हणून मोह होतो. त्यात आधी काय होतं ते विचारा. औषधाचा, केमिकलचा ड्रम आंघोळीच्या पाण्याला कधीच घेऊ नका, कितीही धुतला तरी. तेलाचा, थिनरचा रिकामा ड्रम गॅस कटरनं किंवा ग्राइंडरनं कापताना आतल्या वाफेचा भडका उडून माणसं दगावली आहेत. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा घातकी असतो. शिवाय त्याचा पत्रा पातळ, दोन-तीन हिवाळ्यांत नळ्यापाशी गळायला लागतो. जाळाच्या जागी जस्ताचा पांढरा पत्रा किंवा पाण्याचा जस्ती पाइपही वापरू नका. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो, वेल्डिंग करणाऱ्यालाही तो बाधतो.

बंब आणल्यावर रंग द्यायच्या आधी तोंडापर्यंत भरून रात्रभर ठेवा. सकाळी प्रत्येक जोडावर कोरडा हात फिरवा. ओला लागला तर परत पाठवा.

आता खालची भट्टी. पाण्यासकट बंबाचं वजन दीडशे किलो होतं, म्हणून बूड पक्कं हवं. विटा आणि चिखल, चिखलात भुसा किंवा गव्हाचं भुस्कट. सिमेंट नको, ते जाळानं तडकतं. नदीतले गोटेही नकोत, त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं आणि तापल्यावर ते फुटतात. भट्टीत १२ मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी बसवा, सळ्यांमध्ये बोटभर फट. जाळीखाली राखेला वीतभर जागा. लाकूड जाळीवर जळतं, हवा खालून येते, राख खाली पडते. बऱ्याच जणी जाळी न घालता लाकूड जमिनीवरच ठेवतात, मग राखेत जाळ गुदमरतो आणि फुंकणी फुंकत बसावं लागतं. जाळी घातली की फुंकणी अडगळीत.

नळ्याच्या वर धुराडं लावा, त्याच ६ इंची मापाचं, निदान सहा-सात फूट. पडवीच्या पन्हाळीपेक्षा उंच. जितकं उंच तितका ओढा चांगला. नळ्याच्या आत पीळ दिलेली लोखंडी पट्टी वरून अडकवून सोडा. धूर सरळ निसटून न जाता फिरत फिरत जातो, पाण्याला जास्त ऊब मिळते. पट्टी काढता येईल अशी ठेवा, काजळी झाडायला. बाहेरून पिंपाला भुस्कटाच्या चिखलाचा चार बोटं जाड लेप द्या. आमच्याकडं रात्री नऊला विझवलेल्या बंबाचं पाणी सकाळी पाचला कोमट असतं, मग सकाळचं काम निम्म्यावर येतं.

जागा ठरवताना घाई करू नका. आठवडाभर पहाटे त्या जागी मूठभर ओलं गवत पेटवून धूर कुठं जातो ते बघा. आपल्या घरात नको तसा शेजारणीच्या घरातही नको. कडब्याची गंज, गोठ्याचं छप्पर, लाकडाची रास यांच्यापासून दहा फूट तरी लांब. आणि बंब बंदिस्त न्हाणीत कधीच नको. निखारे धुमसताना जो वायू सुटतो त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती त्याच वायूनं. न्हाणी आत, बंब बाहेर, मधे दार बंद. गरम पाणी बादलीनं न्यायला चार पावलं जास्त पडली तरी चालतील. बंबाभोवती लहान मुलांसाठी बांबूचं कुंपण घाला. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाचीही कातडी काही सेकंदांत भाजतं, लेकराची तर त्याहून लवकर. बादलीत आधी गार पाणी घ्यायचं, मग त्यात गरम.

पेटवताना आधी पाणी, मग जाळ. तोटीतून पाणी पडेपर्यंत नरसाळ्यात ओतायचं. तोटीतून पाणी आलं म्हणजे बंब भरला, आणि दोन्ही वाटा मोकळ्या आहेत हेही त्यातूनच कळलं. ही रोजची तपासणी, वेगळं काही करावं लागत नाही. पाणी तापायला लागलं की तोटीतून थेंब थेंब गळतं. ती गळती नव्हे. तापल्यावर पाणी फुगतं, ११० लिटरमागं दीड लिटरभर जादा होतं, ते बाहेर येतं. थेंब थांबले आणि जाळ चालूच आहे, तर मात्र उठून बघा. नळीतून जोरानं वाफ यायला लागली की लाकूड मागं ओढा आणि बादलीभर पाणी ओता, तोटीखाली बादली ठेवून आणि स्वतः बाजूला उभं राहून. कधी चुकून बंब कोरडाच तापला तर त्यात गार पाणी ओतू नका. जाळ काढा आणि तो आपोआप निवू द्या.

लाकूड मनगटाएवढं जाड, हातभर लांब, थोडं थोडं घालायचं. भट्टीचं तोंड गच्च भरलं की हवा अडते, जाळ पडतो, धूर वाढतो. अमेरिकेतल्या त्या अंगणातल्या भट्ट्यांचं हेच दुखणं आहे. रात्रभर पुरावं म्हणून गच्च लाकूड भरून हवा बंद करतात, ते धुमसत राहतं आणि धूर शेजाऱ्यांच्या घरात. काही राज्यांना त्यासाठी कायदे करावे लागले. आपण थोडा वेळ, जोरकस, स्वच्छ जाळ करायचा आणि विझवायचा. पेटवल्यावर दहा मिनिटांनी धुराड्यातून धूर दिसेनासा झाला पाहिजे. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड ओलं, काळा म्हणजे लाकूड जास्त झालं किंवा हवा कमी पडली.

ओल्या लाकडाचं तर मी नावच घेऊ देत नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचंच असतं. ते पाणी आटवण्यात जाळ खर्च होतो आणि नळ्यात डांबरासारखा चिकट थर बसतो. तो थर एखाद दिवशी धुराड्यातच पेट घेतो. उन्हाळ्यात फोडून, पत्र्याखाली, मधून हवा खेळेल असं रचून ठेवा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणत्कार आला पाहिजे. बद्द आवाज आला तर अजून वाळायचंय. आमच्याकडं एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या आणि काढून टाकलेल्या बागेची खोडं असतात, त्यातल्या तारा आणि प्लास्टिकच्या सुतळ्या आधी काढतो. तुमच्याकडं तुराट्या, पऱ्हाट्या, बाभूळ, मक्याची कणसं, जे असेल ते. प्लास्टिक, टायर, रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड नको. कण्हेरही जाळू नका, तिचा धूर विषारी असतो.

आठवड्यातून एकदा पट्टी काढून नळा झाडायचा. काठीला गोणपाटाचा बोळा बांधला की काम होतं. (तो बोळा काम झाल्यावर घरात आणून ठेवायचा, बरं का.) बोअरचं पाणी असेल तर आत क्षारांचा पांढरा थर बसतो. थर जाड झाला की पाणी उशिरा तापतं, तडतड आवाज येतो आणि नळ्याचा पत्रा जास्त तापून लवकर जातो. वर्षातून दोनदा गार बंबात पाण्याबरोबर लिंबूसत्त्व टाकून काही तास ठेवा, बूच काढून सोडून द्या, दोनदा धुऊन घ्या. संडास धुवायचं ॲसिड घालू नका, थरासकट पत्राही खाऊन जाईल. या बंबाचं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला वापरायचं नाही, त्यात गंज असतो.

ज्यांना जमेल त्यांनी छतावर सूर्यबंब बसवावा. आपल्याकडं हिवाळ्यात ऊन भरपूर. त्याला ना मोळी ना धूर. पण तो येईस्तोवर, आणि ढगाळ दिवशी, हा आहेच.

राहता राहिली राख. रात्रीची राख सकाळी गार दिसते, पण आत निखारा असतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा, डबा मातीवर ठेवा, दोन दिवसांनी परसात टाका. प्लास्टिकच्या टोपलीत नको. आमच्या जाऊबाई ती गाळून भांड्यांना ठेवतात. बंब आता रोज त्याच पेटवतात, मला हात लावू देत नाहीत.